मेल सर्व्हरचा बॅकअप क्रॉनवर टाकताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही एकटेच आयटी सांभाळता. मेल सर्व्हर कारखान्यातच आहे: उबुंटू, त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (लोकांना त्यांचा मेलबॉक्स उघडून देणारा), ६० मेलबॉक्स, मेलडिर पद्धतीने साठवलेले साधारण ४०० जीबी मेल. दर शनिवारी तुम्ही यूएसबी डिस्क लावून हाताने कॉपी मारता. हे काम आता रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) आपोआप व्हायला हवंय, कमांड लाइनवरून, काही विकत न घेता. आणि शेवटी विचारलंय की ती डिस्क सर्व्हरला कायम लावून ठेवली तर चालेल का.

मी गेली १८ वर्षं नाशिकमध्ये हेच काम करते. सातपूर-अंबडचे आणि सिन्नरचे कारखाने, पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यातदार, गंगापूर रोडवरची दोन-तीन हॉस्पिटलं. या अनुभवावरून सांगते, कॉपी करण्याचा भाग चार ओळींचा असतो. उरलेली सगळी स्क्रिप्ट दोनच गोष्टींसाठी लिहायची असते. काल रात्री बॅकअप झाला नसेल तर ते सकाळी पहिला चहा संपायच्या आत कळलं पाहिजे, आणि कुणी मागितलेला मेल त्याच दिवशी परत देता आला पाहिजे. तुम्ही 'स्क्रिप्ट द्या' म्हणालात, पण मी आयती स्क्रिप्ट देत नाहीये. ती तुम्हीच लिहा, म्हणजे रात्री अडली तर कुठे अडली हे तुम्हाला समजेल. प्रत्येक ओळ का हवी ते मी सांगते.

सुरुवात त्या यूएसबी डिस्कपासून करा. एम. जी. रोडवरून आणलेली नवी डिस्क बहुतेक वेळा एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची असते. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते. मेल आला की ती फाइल 'न्यू' डिरेक्टरीत पडते, मेल प्रोग्रॅमने तो पाहिला की 'क्युर'मध्ये जाते, आणि वाचला, उत्तर दिलं, तारा लावला या खुणा चक्क फाइलच्या नावात लिहिल्या जातात. नावाच्या शेवटी कोलन, मग दोनचा आकडा, स्वल्पविराम आणि खुणांची अक्षरं. एक्सफॅटला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. म्हणजे अशा डिस्कवर 'न्यू'मधले मेल व्यवस्थित जातात आणि पाहिलेले सगळे, म्हणजे खरा खजिना, मागे राहतो. कमांड चुका दाखवते, पण हजारो ओळी स्क्रीनवरून सरकत असताना शनिवारी संध्याकाळी कोण वाचतं? आजच 'एलएसबीएलके' कमांड 'एफ' पर्यायासह चालवून डिस्कचा फॉरमॅट बघा. एक्सफॅट निघाला तर तुमच्या शनिवारच्या कॉप्यांवर भरवसा ठेवू नका. दुसऱ्या डिस्कवर ईएक्सटी४ (लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट) करून ताजी प्रत घ्या आणि मगच पहिली डिस्क पुसा.

आता काय काय घ्यायचं. मेलची डिरेक्टरी सगळ्यांच्या लक्षात असते. विसरतं ते बाकीचं: पोस्टफिक्स आणि डव्हकॉटची कॉन्फिगरेशन, एलियास फाइल, ज्यात मेलबॉक्सची नावं आणि पासवर्ड असतात तो डेटाबेस किंवा ती पासवर्ड फाइल, लोकांनी लावलेले सीव्हचे नियम (मेल आपोआप योग्य फोल्डरात टाकणारे), लेट्स एन्क्रिप्टची डिरेक्टरी (सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रं), आणि डीकेआयएमच्या खासगी की (बाहेर जाणाऱ्या मेलवर सर्व्हर ज्यांनी सही करतो त्या). डीकेआयएमची की गेली तर नवी बनवता येते, पण मग डीएनएसमधली नोंद बदलावी लागते, आणि तोवर तुमचे मेल मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर संशयाच्या नजरेनं बघितले जातात. आधीच सर्व्हर पडलेल्या दिवशी हे दुखणं कशाला?

डव्हकॉटच्या इंडेक्स फाइली मेलडिरमध्ये वगळल्या तरी चालतं, त्या परत तयार होतात. पण 'डव्हकॉट-यूआयडीलिस्ट' ही फाइल कधीही वगळू नका. कोणत्या मेलचा कोणता क्रमांक हे तिच्यात असतं. ती नसताना मेलबॉक्स परत आणला तर प्रत्येकाचा आउटलुक आणि मोबाइल सगळे मेल नव्याने उतरवायला लागतो. ६० जण एकदम ४०० जीबी उतरवायला लागले तर दोन दिवस कारखान्यातलं नेटवर्क रांगत राहील. (मेलडिर सोडून डीबॉक्स पद्धत वापरणाऱ्यांसाठी: तुमच्याकडे खुणा फक्त इंडेक्समध्येच असतात, त्यामुळे तिथे नुसत्या फाइली उचलायच्या नाहीत, डव्हकॉटचीच 'डव्हअॅडम बॅकअप' ही कमांड वापरायची.)

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हटकून भेटते. लोक मराठीत फोल्डर बनवतात: 'ऑर्डर', 'जुने हिशेब', 'साहेब'. डव्हकॉटच्या २.३ आणि आधीच्या आवृत्त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये डिस्कवर ही नावं ॲम्परसँडने सुरू होणाऱ्या अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतात. एका मुलाने ती कचरा समजून बॅकअपमधून वगळली होती. तो कचरा नाही, त्यातच हिशेब आहेत. शिवाय असं नाव कमांडमध्ये अवतरणाशिवाय टाइप केलं की शेल ॲम्परसँडपाशी कमांड तोडतो आणि अर्धी कमांड पार्श्वभूमीत पळवतो. 'सेंट आयटम्स'सारख्या मध्ये जागा असलेल्या नावांचंही तेच. स्क्रिप्टमधला प्रत्येक पाथ आणि प्रत्येक व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा.

कॉपी कशाने करायची? तुमच्या मनात आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारी कमांड) असणार. फार चांगलं साधन आहे, पण डिलीट पर्याय लावून रोज एकाच जागी चालवलेला आरसिंक म्हणजे आरसा. सातपूरच्या एका कारखान्यात परचेसमधल्या गृहस्थांनी एका मंगळवारी ड्रॉइंग्जचं फोल्डर चुकून उडवलं. हे त्यांच्या लक्षात आलं पुढच्या सोमवारी, ग्राहकाने जुनं रिव्हिजन मागितल्यावर. बॅकअप रोज रात्री २ वाजता विनातक्रार झाला होता. म्हणजे मंगळवारच्या रात्रीच त्याने ते फोल्डर बॅकअपमधूनही काढून टाकलं होतं. ती व्यवस्था माझ्याच हातची होती, आणि त्या माणसासमोर उभं राहून 'बॅकअप आहे, पण त्यात ते नाही' हे सांगणं मला आजही आठवतं. 'डव्हअॅडम बॅकअप'सुद्धा एकतर्फी आरसाच आहे, मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढतो.

म्हणून तारीखवार स्नॅपशॉट हवेत, म्हणजे त्या त्या रात्री जे होतं त्याची वेगळी प्रत. आरसिंकच्या 'लिंक-डेस्ट' पर्यायाने ते होतात: न बदललेल्या फाइलींना नुसते हार्डलिंक (त्याच फाइलीला दिलेलं आणखी एक नाव), नवीन तेवढ्याच खऱ्या. लहान सर्व्हरला हे पुरतं. पण ४०० जीबी मेल म्हणजे लाखो बारक्या फाइली, आणि रोजच्या स्नॅपशॉटमध्ये तेवढेच लाखो लिंक. जुने स्नॅपशॉट पुसायलाच काही तास जातात. तुमच्यासाठी मी रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम सुचवते. उबुंटूच्या भांडारातून एका कमांडने बसतं, फुकट आहे, सगळं एन्क्रिप्ट करूनच साठवतं, आणि सारखा मजकूर एकदाच ठेवतं. एकच १० एमबीचं ड्रॉइंग १२ जणांना गेलं की मेलडिरमध्ये त्याच्या १२ प्रती असतात. रेस्टिकमध्ये त्यांचा बहुतेक भाग एकदाच जागा खातो. बोर्ग हेही त्याच जातीचं उत्तम साधन आहे, ज्यांना ते येतं त्यांनी बदलायचं कारण नाही.

आता स्क्रिप्ट. पहिल्याच ओळीत बॅशचे तीन कडक नियम चालू करा: चूक झाली की थांब, न भरलेलं व्हेरिएबल दिसलं की थांब, आणि पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर सगळा पाइप पडला असं धर. तिसऱ्याला 'पाइपफेल' म्हणतात आणि तो लोक विसरतात. मायएसक्यूएल-डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) जीझिपमध्ये (फाइल दाबून लहान करणारा) ओतताना डंप पासवर्डपाशीच अडला तरी जीझिप आनंदाने २० बाइटची रिकामी फाइल बनवतो आणि 'झालं' म्हणतो. पाइपफेल असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. डंप घेताना 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' पर्याय लावा म्हणजे इनोडीबीची (मायएसक्यूएलची नेहमीची साठवण) टेबलं अडवून न ठेवता सुसंगत प्रत मिळते.

दुसरी ओळ फ्लॉकची, म्हणजे एका वेळी एकच बॅकअप चालू देणाऱ्या कुलपाची. पहिला पूर्ण बॅकअप बराच वेळ चालेल, आणि तो संपायच्या आत दुसऱ्या रात्रीचा सुरू झाला तर दोघं एकमेकांच्या पायात येतील. फ्लॉक 'एन' पर्यायासह लावला की आधीचा चालू असताना दुसरा मुकाट्याने परत जातो.

तिसरी ओळ मी सगळ्यात जास्त जपते. पिंपळगावकडे एका द्राक्ष निर्यातदाराकडे फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात, सर्व्हरच्या खोलीत कुणीतरी मोबाइल चार्ज करायला यूएसबी डिस्कची पिन काढली. स्क्रिप्टला काहीच कळलं नाही. डिस्क जिथे माउंट होते ती डिरेक्टरी डिस्क नसतानाही तिथेच असते, फक्त रिकामी. स्क्रिप्ट त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरच्याच मूळ डिस्कवर, सगळे मेल लिहीत सुटली. तिसऱ्या पहाटे मूळ डिस्क भरली. पोस्टफिक्सला जागा उरली नाही की तो येणाऱ्या प्रत्येक मेलला ४५२ हे उत्तर देतो, म्हणजे 'आत्ता जागा नाही, नंतर या'. न्हावा शेव्याला कंटेनर उभा, तिकडे युरोपातला खरेदीदार कागदपत्रं पाठवतोय, आणि इकडे इनबॉक्स सकाळपासून शांत. मालकांना वाटलं आज मेलच नाहीत. सकाळी साडेआठला मी तिथे पोहोचले, डिस्क किती भरली ते दाखवणारं 'डीएफ' चालवलं आणि १०० टक्के दिसल्यावर पोटात गोळा आला. फुकटची प्रत पुसली, पोस्टफिक्स श्वास घ्यायला लागला, आणि दुपारपर्यंत अडलेले मेल एकेक करत आले, कारण चारशेच्या घरातलं उत्तर तात्पुरतं असतं आणि पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये कॉपीच्या आधी 'माउंटपॉइंट' कमांडची तपासणी असते: डिस्क खरोखर लागलेली नसेल तर एक बाइटही लिहू नको आणि ओरड. शिवाय डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला 'सीएचअॅटर'ने अपरिवर्तनीय करून ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट चुकली तरी तिथे काही लिहिता येणार नाही.

मग प्रत्यक्ष बॅकअप, आणि त्याचा एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा. मेल सर्व्हर रात्रीही जागा असतो. यादी करताना दिसलेली फाइल वाचायच्या आत नाव बदलून दुसरीकडे गेलेली असते, कारण कुणीतरी रात्री ३ वाजता मोबाइलवर तो मेल उघडला. आरसिंक अशा वेळी २४ हा कोड देतो, म्हणजे काही मूळ फाइली मध्येच नाहीशा झाल्या. मेलडिरमध्ये हे रोजचंच आहे. त्याला अपयश समजून दर रात्री इशारा पाठवलात तर आठवड्याभरात तुम्ही इशारे वाचणं सोडाल, आणि ते फार धोक्याचं. रेस्टिकमध्ये शून्य म्हणजे ठीक, ३ म्हणजे स्नॅपशॉट झाला पण काही फाइली वाचता आल्या नाहीत, १ म्हणजे काहीच झालं नाही. तेव्हा कोड पकडून ठेवा (वरचा 'चूक झाली की थांब' नियम तेवढ्या ओळीपुरता बाजूला ठेवावा लागेल). शून्य असेल तर पुढे जा. ३ असेल तर न वाचलेल्या फाइली मोजा: पाच-दहा असतील आणि सगळ्या मेलच्या फाइली असतील तर नोंद करून पुढे, शेकड्यात असतील किंवा कॉन्फिगरेशनमधली एकही असेल तर इशारा. बाकी कुठल्याही कोडला सरळ इशारा.

वेळ ठरवताना क्रॉन पुरेसा आहे: मिनिट ३०, तास २, पुढे तीन तारे, की रोज रात्री अडीच. पण तीन खड्डे आहेत. सर्व्हरचं घड्याळ कोणत्या वेळेवर आहे ते 'टाइमडेटसीटीएल'ने बघा. भाड्याचे क्लाउड सर्व्हर सहसा यूटीसीवर असतात, आणि यूटीसीचे अडीच म्हणजे आपल्याकडे सकाळचे ८, ऑफिस भरायच्या तोंडावर. दुसरं, क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, तो तिथे ओळ तोडतो. लॉगच्या नावात तारीख घालायला 'डेट' कमांड क्रॉनच्या ओळीतच लिहिलीत तर हाताने चालणारी कमांड रात्री चालत नाही. तारीख स्क्रिप्टच्या आत घाला. तिसरं, क्रॉनचा पाथ तुटपुंजा असतो, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या.

तरी तुमच्यासाठी मी क्रॉनऐवजी सिस्टमडीचा (उबुंटूत सगळ्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) टायमर निवडेन, आणि त्याला कारण आहे वीज. औद्योगिक वसाहतीत देखभालीचा शटडाऊन असतो, दिवाळीत प्लांट आठ दिवस बंद असताना वॉचमन मेन स्विच पाडून निघून जातो. रात्री अडीचला मशीन बंद असेल तर क्रॉन ती वेळ सोडून देतो. टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं की मशीन सुरू झाल्यावर हुकलेला बॅकअप एकदा होतो. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' म्हटलं की मागचा कधी झाला आणि पुढचा कधी, हेही समोर दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कळणार कसं. बहुतेक जण स्क्रिप्ट पडली की मेल जाईल अशी सोय करतात. पण मेल सर्व्हरचाच बॅकअप पडला असताना इशारा त्याच मेल सर्व्हरने आणायचा, हे कसं जमणार? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसची सुमारे ३०० जीबीची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. रोजच्या डंपकडे वळले तर तो आवृत्ती न जुळल्यामुळे कित्येक दिवस अयशस्वी होत होता. अपयशाचे मेल निघत होते, पण त्यांना डीमार्कला (मेल खरंच त्याच कंपनीचा आहे का हे तपासणारा नियम) लागणारी सही नसल्यामुळे समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मोठमोठ्या लोकांच्या बाबतीत होतं ते आपल्या ६० मेलबॉक्सवाल्या सर्व्हरवर होणारच नाही असं धरू नका.

म्हणून उलटं करायचं. अपयश कळवण्याऐवजी यश कळवायचं, आणि यशाची खबर आली नाही की बाहेरच्या कुणीतरी बोंब मारायची. हेल्थचेक्स नावाचा मुक्त प्रोग्रॅम नेमका यासाठी आहे. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत कर्लने त्याच्या पत्त्यावर एक टकटक करायची. ठरलेल्या वेळेत टकटक आली नाही तर तो टेलिग्रामवर कळवतो. यात वीज गेली, सर्व्हर जळाला, फायबर तुटलं, टायमरच बंद पडला, सगळं येतं, कारण शांतता हाच इशारा आहे. टकटक करण्याआधी स्क्रिप्टने ताज्या स्नॅपशॉटची तारीख आणि आकार तपासावा. कालच्या निम्म्याने फाइली असतील तर ते यश नाही.

बाहेरच्या प्रतीबद्दल. नाशिकला पूर किती आला हे गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली यावरून सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती पुरता पाण्याखाली गेला आणि सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं. तिथे ज्यांचा सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटात होती, त्यांना दोन्ही एकाच चिखलातून काढावी लागली. अंबडला गोदावरी येणार नाही, पण शॉर्टसर्किट आणि चोरी येऊ शकते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेच्या बाहेर, हा ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल. बाहेरची प्रत नेटवरून पाठवणार असाल तर गणित करा: ५० एमबीपीएसच्या अपलोडला ४०० जीबी जायला पूर्ण वेगाने जवळपास १८ तास लागतात, आणि पूर्ण वेग कधी मिळत नाही. पहिली प्रत डिस्कवर भरून हाताने तिकडे न्या, रोजची भर मग नेटवरून जाईल.

बाहेरच्या मशीनवर मेल सर्व्हरला पुसण्याचा अधिकार देऊ नका. रॅन्समवेअर सर्व्हरवर शिरला तर त्याला तुमची स्क्रिप्ट, तुमची एसएसएच की आणि रेस्टिकचा पासवर्ड, सगळं सापडतं. तिकडे रेस्टिकचा रेस्ट-सर्व्हर (नेटवरून आलेला बॅकअप साठवणारा त्याचा जोडीदार प्रोग्रॅम) 'अपेंड-ओन्ली' ठेवा: नवीन भर घालता येते, जुनं काढता येत नाही. जुने स्नॅपशॉट काढण्याचं काम त्या मशीनवर बसूनच करायचं. आणि तो पासवर्ड! तो हरवला तर रेस्टिकचे बनवणारेसुद्धा तुमचे मेल उघडू शकत नाहीत. कागदावर लिहा, पाकीट बंद करा, मालकांच्या तिजोरीत ठेवा. उद्या तुम्ही नोकरी बदललीत तरी ते पाकीट तिथे असलं पाहिजे.

किती दिवसांचं ठेवायचं? रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२ माझ्या अनुभवात पुरतात. ३१ मार्चच्या रात्रीच्या स्नॅपशॉटला वेगळा टॅग लावून कायम राखून ठेवा. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, आणि ऑगस्ट २०२२ पासून कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर लागतो. अकाउंट्सच्या मेलबॉक्समधल्या इन्व्हॉइस यात किती मोडतात ते तुमच्या सीएंना एकदा विचारा. मेलचे लॉगही बॅकअपमध्ये घ्या, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस लागतात.

परत आणण्याचा सराव मी प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा करतेच. रेस्टिकने एका मेलबॉक्सचं एक फोल्डर वेगळ्या डिरेक्टरीत काढायचं. ते चालू मेलबॉक्सवर ओतायचं नाही, कारण मधल्या दिवसांत आलेले मेल त्यात नसतात. त्याऐवजी 'डव्हअॅडम इम्पोर्ट' वापरून ते त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये 'परत आणलेले' अशा नव्या फोल्डरखाली घालायचं. चालू मेलना धक्का लागत नाही आणि त्याला हवं ते तो स्वतः उचलतो. सराव करताना नुसती संख्या जुळवून थांबू नका. एक अटॅचमेंट असलेला मेल उघडा, पीडीएफ उघडा, शेवटचं पान बघा. डिस्क हळूहळू खराब होत असेल तर ते इथेच कळतं. रेस्टिकच्या 'चेक' कमांडला थोडा थोडा डेटा प्रत्यक्ष वाचून तपासायला सांगता येतं, तेही आठवड्यातून एकदा टायमरवर टाका.

पूर्ण सर्व्हर नव्याने उभा करायची वेळ आली तर घाईत एक चूक हमखास होते. पोस्टफिक्स आधी सुरू होतो, मेलबॉक्सची यादी अजून रिकामीच असते. अशा वेळी येणाऱ्या मेलला ५५० जातं, 'असा माणूसच इथे नाही'. पाठवणारा ते अंतिम उत्तर धरतो आणि मेल परत जातो. सर्व्हर पूर्ण बंद असता तर तोच मेल वाट बघत राहिला असता. पोस्टफिक्स स्वतः मूळ सेटिंगमध्ये ५ दिवस प्रयत्न करतो, आणि बहुतेक सर्व्हर असेच चिकाटीचे असतात. म्हणून रिस्टोअर चालू असताना २५ नंबरचा पोर्ट फायरवॉलवर बंद ठेवा, किंवा पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' चालू करा म्हणजे पाचशेचं उत्तर चारशेचं होतं. मालक डोक्यावर उभे असताना 'आधी मेल येऊ द्या' म्हणतील. त्यांना समजावून सांगा की बंद दारासमोर पोस्टमन थांबतो, चुकीचा पत्ता सांगितला तर निघून जातो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. एकच डिस्क कायम लावून ठेवू नका. लागलेली डिस्क सर्व्हरवर शिरलेल्या कुणालाही पुसता येते, आणि विजेचा झटका दोघांनाही एकदम लागतो. दोन डिस्क घ्या, दोन्ही ईएक्सटी४, दोन्हींना लेबल, आणि दोन्हींवर रेस्टिकची स्वतंत्र साठवण. आठवडाभर एक लागलेली राहील, शनिवारी बदलायची, काढलेली मालकांच्या घरी जाईल. डिस्क कोणती लागली आहे हे स्क्रिप्ट लेबलवरून ओळखेल.

येत्या शनिवारी पहिला पूर्ण बॅकअप टायमरवर सोडू नका. दुपारी समोर बसून हाताने चालवा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. तो चालू असताना परचेसमधल्या कुणालातरी मेल उघडायला सांगा आणि विचारा, अडकल्यासारखं वाटतंय का. वाटत असेल तर कमांडच्या आधी 'नाइस' आणि 'आयओनाइस' लावा, म्हणजे बॅकअप बाकीच्या कामांना आधी जाऊ देतो. संपल्यावर लगेच स्वतःच्या मेलबॉक्समधलं एक मराठी नावाचं फोल्डर परत आणून बघा. नंतर मुद्दाम डिस्कची पिन काढून स्क्रिप्ट पुन्हा चालवा. ती एक बाइटही न लिहिता थांबली, शेवटची टकटक गेली नाही आणि ठरलेल्या वेळेनंतर तुमच्या मोबाइलवर टेलिग्राम वाजला, की मग टायमर चालू करा.